थान बहिणींचा डोंगर

ह्वांगशान, डोंगरावरचं लॉज
१८ एप्रिल २०२५, दुपार

ताई,

आधी खुशाली लिहावी आणि मग कामाचं, ही बाबांची शिस्त. तर खुशाली अशी की आमचा इथला तिसरा दिवस आहे आणि खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नाही. समोरच्या पाइनच्या झाडाला नाव आहे, पाटी आहे, भोवती कठडा आहे. पाटी दिसते, झाड दिसत नाही. फेंगछ्याओ म्हणते, "सूछिन, तू आलीस की हा डोंगर डोक्यावरून पांघरूण घेतो बघ. पुढच्या खेपेला तुला घरीच ठेवून येऊ." गेल्या अकरा वर्षांतली ही माझी सहावी खेप, आणि सहाही वेळा धुकं. लोक इथे ढगांचा समुद्र बघायला येतात. मी येते ती या डोंगराच्या पायथ्याला, चहाच्या मळ्यांतल्या त्या गावात तू राहतेस म्हणून. गावापर्यंत मात्र एकदाही आलेले नाही.

सत्तेचाळीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. बाबा गेले तेव्हा तू वूहूला, आपल्या घरी आलीस, तीन दिवस भिंतीला टेकून बसलीस, रडली नाहीस, आणि शेवटच्या दिवशीच्या जेवणाआधी बस धरलीस. मी फाटकापर्यंत आले होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस, आणि मी हाक मारली नाही.

फेंगछ्याओ आणि रुइझेन या माझ्या कारखान्यातल्या मैत्रिणी. एनॅमलची घमेली, मग, थुंकदाण्या, सगळं आम्ही तिघींनी मिळून रंगवलंय. फेंगछ्याओ नक्षीच्या फुलांवर होती. तोंडाचा पट्टा तेव्हाही बंद नसायचा, आताही नाही. डोंगरावर येताना ती सात रंगांचे रेशमी रुमाल आणते, प्रत्येक कड्यावर आम्हाला उभं करून हवेत फडकवायला लावते आणि फोटो काढते. मागे कडा दिसत नाही, दरी दिसत नाही. पांढऱ्या भिंतीपुढे तीन म्हाताऱ्या रुमाल झटकताहेत असा फोटो येतो. रुइझेन तपासणीवर होती. घमेलं बोटाने वाजवून कुठे तडा आहे ते ती सांगायची. माणसंही ती तशीच वाजवून बघते, म्हणून तिच्यापुढे मी जपून बोलते.

परवा खालच्या फाटकावर गंमत झाली. पासष्ट पूर्ण झालेल्यांना तिकीट माफ. मी ओळखपत्र यंत्रावर ठेवलं आणि फाटक आपसूक उघडलं. या दोघी तिकिटाच्या रांगेत. फेंगछ्याओने तिथेच मला धरलं. "तू आमच्याहून लहान ना गं? वाघाचं वर्ष होतं तेव्हा वर्षभर लाल मोजे घालून फिरत होतीस, आपलं जन्माचं वर्ष फिरून आलं म्हणून. आणि कागदावर जन्म त्याच्या दोन वर्षं आधीचा, उंदराच्या वर्षातला?" मी म्हटलं, कारकुनाची चूक, कोण दुरुस्त करत बसणार. ती हसली. रुइझेन हसली नाही.

आता कामाचं. काल पूर्वेकडच्या पायऱ्यांवर, दुसऱ्या मंडपापाशी, एक बाई चहात उकडलेली अंडी विकत होती. पातेल्याची वाफ आणि धुकं यांतून आधी नुसते हात दिसले. डाव्या करंगळीचं टोक नाही. ते लहानपणी गवत कापायच्या विळ्याने गेलं, तेव्हा मी शेजारीच होते. माझ्या अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट होता, टोपी नाकापर्यंत. मी तीन अंडी मागितली. तुझ्या गळ्यात फोनने पैसे घ्यायचा तो चौकोनी क्यूआर चिन्हाचा कागद होता. फोनने पैसे दिले असते तर माझं नाव तुझ्या फोनवर उमटलं असतं. म्हणून मी नोट काढली. तू म्हणालीस, "आता रोख कोण देतं हो?" आणि मग, "हळू जा बाई, पायऱ्या ओल्या आहेत."

एवढंच बोललीस. मी हळू गेले. अंडी या दोघींना दिली आणि माझं अंडं अजून खिशात आहे.

सूछिन

*

वूहू
२ मे २०२५

ताई,

आधीचं पत्र पाठवलेलं नाही. हेही पाठवेन असं वाटत नाही, म्हणून हात जरा मोकळा चालतोय.

काल फेंगछ्याओ फोटो छापून घेऊन आली. फोनमध्ये असलेले फोटो कागदावर छापायचे, हे तिचं खूळ. ती, रुइझेन आणि मी माझ्या स्वयंपाकघरात बसून भोपळ्याच्या बिया सोलत होतो. एका फोटोत रुमाल फडकतोय आणि त्याच्या मागे, धुकं जरा विरलेलं, तू पातेल्यावर वाकलेली. रुइझेनने फोटो खिडकीपाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. "ही तुझी कोण?"

मी म्हटलं, अंडी विकणारी.

"तुझा जबडा आहे हिला," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी तू अंडं खाल्लं नाहीस. दुसऱ्या दिवशी खोलीत पत्र लिहीत बसलीस. कारकुनाच्या चुकीबद्दल सांगताना तुझा आवाज फुटक्या घमेल्यासारखा येत होता. सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण खोटं सांगू नकोस."

मी सांगितलं. ताई, त्या दोघींना जे सांगितलं तेच इथे लिहिते, एक शब्द कमी न करता.

तुला पंचाहत्तर साली, शहरातल्या सगळ्या पोरींसारखंच, सरकारी हुकमाने खेड्यात शेतीवर पाठवलं. अठ्ठ्याहत्तरच्या शरदात बाबांची छाती कारखान्यातल्या भट्टीच्या धुळीने पार गेली आणि त्यांना लवकर निवृत्ती घ्यायची होती. तेव्हा नियम होता, बाप उतरला की त्याच्या जागी त्याच्या एका मुलाला घ्यायचं. एकालाच. बाबांच्या मनात तूच होतीस. ते अक्षरशत्रू, म्हणून पत्र मी लिहायचे आणि आलेलं मीच वाचून दाखवायचे. त्यांनी तुला विचारायला लावलं, येतेस का. तुझं उत्तर बारा दिवसांनी आलं. तू लिहिलं होतंस, "बाबा, मी येते. जागा माझ्यासाठी राखा. इथे माझे कपडे कधी वाळत नाहीत, आणि मला घरची फार आठवण येते."

मी वाचलं, "बाबा, मी इथे रुळले आहे. मला आता शहर नको. जागा सूछिनला द्या."

बाबा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळचं काय म्हणशील? बाबांनी डोळे पुसले आणि गल्लीत दारोदार जाऊन सांगून आले की माझ्या थोरलीचं मन केवढं मोठं. मग त्यांच्या नावाने मी तुला उत्तर लिहिलं. "बाबांनी विचार करून जागा सूछिनला द्यायचं ठरवलं आहे. तू तिथेच राहावंस." आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आपल्या नावाचा शिक्का खिशातून काढून, त्यावर वाफ सोडून, विश्वासाने खाली उमटवला. मला सोळा पूर्ण नव्हती. भरतीच्या टेबलावरच्या माणसाला बाबांनी सिगारेटचं पाकीट दिलं आणि जन्माचं वर्ष आणि महिना दोन्ही बदलून माझ्या वयात जवळजवळ तीन वर्षं चढली. अशी मी वाघाची उंदीर झाले.

का केलं? तू आलीस तर मला खेड्यात जावं लागेल ही भीती होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. भीती होती, खोटं नाही. पण त्याहून जास्त, सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरणाऱ्या त्या मुलींची पांढरी टोपी मला हवी होती. टोपीसाठी केलं, ताई. लिहितानासुद्धा लाज वाटते.

पुढल्या वर्षी तू तिथेच, डोंगरावर ओझी वाहणाऱ्या माणसाशी लग्न केलंस. तुझ्या मनात राहिलं की बाबांनी तुला टाकलं. बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले की तू त्याग केलास. दोघांच्या मध्ये मी पांढरी टोपी घालून बसले होते.

सांगून झालं. बिया सोलायच्या राहून गेल्या. मला वाटलं या दोघी आता उठतील आणि पुन्हा माझ्या दारात यायच्या नाहीत. रुइझेनने टेबल पुसलं. मग म्हणाली, "आम्हाला सांगून काय उपयोग? ज्या दारात सांगायला हवं ते डोंगराखाली आहे."

फेंगछ्याओ म्हणाली, "आपण तिघी जाऊ. पण मोजे कुठल्या रंगाचे घालणार ते आधी ठरव." मग तिला रडू आलं, आणि तिला बघून मला.

सूछिन

*

वूहू
२३ ऑक्टोबर २०२५

ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार आहे. तू दारात मला एक गोष्ट विचारलीस आणि मी मुकी झाले, तिचं उत्तर द्यायचं आहे. पण आधी तुला न दिसलेला भाग सांगते.

आम्ही तिघी तुझ्याकडे आलो त्या दिवशीही धुकं होतंच. आम्ही रोपवेने वर गेलो आणि पूर्वेच्या पायऱ्यांवर दुसऱ्या मंडपापाशी आलो, तर पातेलं दुसऱ्याच बाईचं. तुझी चौकशी केली तर ती म्हणाली, सूयुनचे गुडघे पावसाळ्यापासून धरलेत, ती घरीच असते; खाली उतरा, पुलापलीकडे तिसरं घर. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच सांगते, वाटलं. मी म्हटलं, आजारी माणसाला कशाला त्रास, वसंतात येऊ. रुइझेनने माझ्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उतरायला लागली. पिशवीत ती दोन पत्रं होती, त्यामुळे मला मागे जावंच लागलं.

तीन तास उतरत होतो. चार पायऱ्यांपुढचं दिसत नव्हतं. बांबूची काठी टेकत फेंगछ्याओ पुढे काहीबाही बोलत होती, फक्त माझ्या कानांना धरायला काहीतरी असावं म्हणून. समोरून गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला एक हमाल वर आला. आम्ही कड्याला चिकटून त्याला वाट दिली. तो दम टाकायला थांबला तेव्हा मनात आलं, भावोजींनी चाळीस वर्षं हेच केलं, आणि मी पंख्याखाली घमेल्यांवर निळी पट्टी ओढत होते. मी फेंगछ्याओला म्हटलं, मला परत जायचंय. ती म्हणाली, "वर चढायला सहा तास लागतील. खाली एकच. कर हिशोब." तिला मी तेव्हा शिव्या दिल्या. आता देत नाही.

तुझ्या अंगणात चहासाठी वाळवायची शेवंती होती. धुक्यात वाळेना म्हणून तू ती बांबूच्या सुपांतून कोळशावर धरली होतीस आणि सगळ्या घराला कडवट गोड वास होता. भावोजी म्हणाले, पाहुणे की गिऱ्हाईक? मी टोपी काढली. तू सूप खाली ठेवलंस. नाव घेतलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "केस किती पांढरे झाले तुझे."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यातून सगळं पाठ केलेलं पुसून गेलं. मी पत्रं पुढे केली. तू चष्मा आणलास, अंगणातल्या स्टुलावर बसलीस आणि दोन्ही स्वतः वाचलीस, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. एप्रिलच्या पत्रापाशी हसलीससुद्धा. "ती तू होतीस होय? मी ती नोट दोनदा उजेडाकडे धरून पाहिली. म्हटलं तोंड झाकून रोख देतेय, खोटी असणार." मग दुसरं पत्र उघडलंस. फेंगछ्याओ कधी नव्हे ती जमिनीकडे बघत होती. तुझं बोट एका जागी थांबलं, आणि ती जागा कोणती ते मला लांबूनही कळलं.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू कागद घडीवर घडी घालून ठेवलास आणि म्हणालीस, "तुझ्यावर मी कधीच रागावले नव्हते, सूछिन. तू लहान होतीस, तुला जागा मिळाली, बरं झालं, असंच म्हणत होते. राग बाबांवर होता. त्यांचा फोटो या घरात मी लावू दिला नाही. छिंगमिंगला सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जायचं, मी दार लावून चहा खुडायला जायचे. माझ्या पोरांना मी सांगितलं, तुम्हाला आजोबा नाहीत." आणि मग, "नोकरी घेतलीस ती मी सोडून दिली असती. तू माझे बाबा घेतलेस."

तू आत जायला निघालीस. उंबऱ्यावर थांबून, पाठमोरीच विचारलंस, "शेवटी काय म्हणाले?" दार लागलं. भावोजींनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाले, "तिला वेळ लागतो. मला हो म्हणायला दोन वर्षं लावली होती." आतून तुझा आवाज आला की त्यांना चारच्या बसमध्ये बसवून द्या.

तर उत्तर. बाबा शेवटी म्हणाले, "सूयुनला सांग, तिच्यामुळे माझी मान वर राहिली. आणि तिला सांग, तिथे थंडी असेल तर माझा कापसाचा कोट घेऊन जा." मी तुला हे सांगितलं नाही, कारण कशामुळे मान वर राहिली असं तू विचारलं असतंस. कोट मी त्याच हिवाळ्यात जुन्या कपड्यांत देऊन टाकला.

माफ कर असं लिहीत नाही. मागायला तोंड नाही. पण पत्र पोचलं एवढं तरी कळव.

सूछिन

*

वूहू
५ एप्रिल २०२६, छिंगमिंग

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. नवीन वर्ष गेलं, दिव्यांचा सण गेला. फेंगछ्याओ डोंगरावर जाऊ म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, आता मला तिथे जायचा हक्क नाही, ताईने बोलावलं तरच जाईन. फेंगछ्याओ रुमाल घेऊन एकटीच दुसऱ्या कुठल्याशा डोंगरावर गेली आणि लख्ख उन्हातले फोटो घेऊन आली. म्हणाली, मजा नाही, सगळंच दिसतं. मला त्या धुक्याची आठवण येते. वर तू कुठेतरी आहेस आणि दिसत नाहीस, असं तरी वाटायचं.

आज सकाळी बाबांकडे गेले. रुइझेन बरोबर आली. तिची माणसं तिच्या गावी पुरलेली, इकडे तिला कुणी नाही. हातात झाडू, कोयता, जाळायच्या कागदी नोटा, आणि दगडावरची अक्षरं उजळायला रंगाची डबी. टेकडी माणसांनी फुलून गेली होती. दरवर्षी आपल्या रांगेत बाबांच्या जागी सर्वांत जास्त गवत असतं, कारण मी एकटी आणि उशिरा येते. आज मला जागा सापडेना. मी दोनदा पुढे निघून गेले. रुइझेननेच हात धरून थांबवलं.

गवत मुळासकट काढलेलं. पायरी धुतलेली, अजून ओली. कागद जाळल्याची राख वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड. आणि पेल्यात चहा, यंदाचा, कोवळा, तुमच्या डोंगराचा. पेला गार झाला होता. शेजारच्या थडग्यावरचा माणूस म्हणाला, पहिल्या बसने एक बाई आली होती, गुडघ्यांनी अधू, बरोबर नातू असावा. फार वेळ बसून काहीतरी बोलत होती, रडतही होती, आणि तासाभरापूर्वी गेली. तासाभरापूर्वी मी घरी चपला शोधत होते.

बाबांच्या नावाची अक्षरं तू काळ्या रंगाने नवी केलीस. खाली कोपऱ्यात आपली दोघींची नावं, जिवंत माणसांची म्हणून लाल. तुझी तिन्ही अक्षरं ताजी आहेत, बोट लावलं तर रंग लागतो. माझ्या नावाची पहिली दोन तुझ्यासारखीच, आपलं थान हे आडनाव आणि ते सू. तीही तू लाल केलीस. तिसरं, माझं एकटीचं, सोडलंस. तिथे दगड तसाच करडा आहे.

मला वाटलं रंग संपला असेल. पण तुझी लाल रंगाची डबी तिथेच होती, पायरीच्या कडेला, झाकण लावलेली, ब्रश वर आडवा ठेवलेला. अर्ध्याहून जास्त भरलेली. रुइझेनने डबी हलवून पाहिली आणि माझ्याकडे दिली. म्हणाली, "घे, रंगवून टाक." मी ब्रश हातात घेतला आणि परत ठेवला. माझ्या हाताने लिहिलेलं एकदा तुझ्या माथी मारलं, तेवढं पुष्कळ झालं.

घरी येऊन मी लिहिलं होतं की तू बाबांना भेटलीस, मला एवढं पुरे आहे. ते वाक्य खोडलं. तुला पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, आणि ते खोटं होतं. पुरे नाही. तू या गावात आलीस आणि माझ्या घराच्या दोन थांबे अलीकडून परत गेलीस, हे मला सहन होत नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, कागदावर सहासष्ट, आणि तुझी मला रोज आठवण येते.

तुझी डबी मी घेऊन आले आहे. झाकण घट्ट बसवलंय, वर प्लॅस्टिक बांधलंय, तरी दुकानदार म्हणाला की उघडलेला रंग फार दिवस टिकत नाही. तो वाळायच्या आत ये.

सूछिन